लाल माशांची ठमाबाई

ठमाबाई गिऱ्हाइकाला आधी मासा दाखवतच नसे. आधी ती त्याचं भांडं बघायला मागे. "कशात ठेवसान?" एवढं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता मिश्री लावत बसायचं. गिऱ्हाईक गोंधळून घरी जाई, भांडं घेऊन परत येई. मग ती त्यात हात घाली, कडेवरून बोट फिरवी, भांड्यात नाक खुपसून वास घेई आणि मगच ठरवी, की या माणसाला मासा द्यायचा की नाही.

माझं फुलांचं टोपलं त्या दुकानाच्या ओट्याला लागूनच असे. आम्ही माळी. मळा अंबानाल्याच्या पलीकडे. नवरा झेंडू, शेवंती, निशिगंध पिकवी आणि मी अमरावतीच्या पेठेत बसून विके. त्यामुळे ठमाबाईला मी रोज बघितलं आहे. तिचं जे काही झालं तेही माझ्या डोळ्यांसमोरच झालं.

ती वर्षं कापसाच्या तेजीची. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि म्हणून मुंबईचे दलाल आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीपुढे हात जोडून उभे होते, एवढंच आम्हाला समजलेलं. माणसांच्या घरात काय काय येऊ लागलं! आरसे आले, ठोके देणारी घड्याळं आली, छताला टांगायच्या काचेच्या हंड्या आल्या. दुकानाचे मालक बाळाशेठ हे कापसाचे दलाल. मुंबईला एका व्यापाऱ्याच्या बंगल्यात त्यांनी काचेच्या भांड्यात लाल मासे बघितले आणि तेच डोक्यात घेऊन परत आले. आगगाडी जिथपर्यंत आली होती तिथपर्यंत गाडीने, पुढे बैलगाडीने, वाटेतल्या विहिरींवर पाणी बदलत बदलत माशांचे माठ अमरावतीला आले. उतरवून बघतात तर निम्मे मासे पोट वर करून तरंगत होते. उरलेले दुकानाच्या हौदात गेले आणि तिथे मेले.

मासे म्हणजे भोई, असा शेठनी हिशोब केला आणि अकोल्याच्या जुन्या शहरातून, मोर्णेच्या काठावरून ठमाबाईला बोलावून आणलं. ती विधवा होती. एक मुलगी, गिरजा, तिला घेऊन आली. दुकानामागची खोली शेठनी राहायला दिली.

"जल्मभर मासे मारले वं," ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली. "आता ह्याहीले जित्ते ठेवाचं काम आलं. देवाले बी मस्करी सुचते."

पण ते काम तिने मनावर घेतलं. हे मासे तिलाही नवेच होते, मोर्णेत असले लाल मासे थोडेच होते? पुष्कळ मरू दिले तिने, आणि प्रत्येक मेलेला मासा हातात घेऊन त्याचे कल्ले उघडून बघितले. पाणी विहिरीतून काढल्या काढल्या घालायचं नाही, एक दिवस उन्हासावलीत ठेवायचं, हे तिला असंच समजलं. खायला कमी घालायचं, हेही असंच. तांब्याच्या भांड्यात मासा टिकत नाही, हे तिला शेठच्याच एका घंगाळाने शिकवलं. त्या दिवशी ती मला म्हणाली होती, "तांबं मानसाले चांगलं असन, ह्याहीले जहर हाये."

उंच बाई, हाडापेराने मजबूत. हिरवंगार लुगडं, ओचा नेहमी खोचलेला. आवाज असा, की रस्त्यापलीकडे गाठोडी सोडणारे हमाल मान वळवीत. पाण्याचा गारवा ती कोपर बुडवून बघे, बाळंतीण लेकराच्या अंघोळीचं पाणी बघते तशी. माशांना तिने गावातल्या मोठ्या माणसांची नावं ठेवली होती. एक लठ्ठ, सतत तोंड उघडणारा मासा होता, तो मामलेदार. एकदा खऱ्या मामलेदाराचा कारकून ओट्यावर उभा असताना ही आतून ओरडली, "मामलेदाराचं पोट फुगलं वं माय, दोन दिवस उपाशी ठेवा लागते त्याले!" कारकून पांढरा पडला. मी टोपल्यात तोंड घालून हसले. ठमाबाई बाहेर आली, तिने कारकुनाला बघितलं आणि शांतपणे विचारलं, "काय पायजे गा बापू?"

आणखी एक आठवतं. एका वकिलाचा मुनीम आला, हातात छताला टांगायची काचेची हंडी. त्यात दोन मासे घालून दिवाणखान्यात टांगायचे, अशी मालकाची हौस.

"एवढुशा काचेत?" ठमाबाई म्हणाली.

"दोनच तं मासे हायेत."

"तुमी आन् तुमची बायको, दोघंच तं हा ना घरात? मंग जा बरं, देवघरात दार लावून बसा दोघं. दम कोंडला नाही तं या, मासे देतो."

मुनीम आधी रागावला. मग तोच हसू लागला आणि संध्याकाळी दगडी कुंडी घेऊन आला. अशी ती बोले, आणि लोकांना ते आवडे. बायका तर मासे घ्यायचे नसले तरी तिचं बोलणं ऐकायला ओट्याशी थांबत. त्या गर्दीत माझीही फुलं खपत.

बाळाशेठ वाईट माणूस नव्हते. पण ते गादीवर बसून बघत, की आलेल्या चार गिऱ्हाइकांतली दोन ठमाबाई भांड्यापायी परत पाठवते. एकदा ते तिला म्हणाले, "ठमे, तू दुकान चालवून राहिली का बंद करून राहिली?"

"मेलेला मासा घेऊन तुमच्या दारी येतीन ते, शेठजी. मंग?"

"येतीन तं दुसरा घेतीन."

ती तेव्हा हसली होती. शेठ हसले नव्हते.

मग एका कापडवाल्याची बायको आली. बिचारी भली बाई, पण मासे तिच्याकडे टिकत नव्हते. दिवसातून चार वेळा पोळीचे तुकडे टाकी, पाणी नासे, मासे मरत. ठमाबाईचं तिला आधी एकदा सांगूनही झालं होतं. त्या दिवशी ती पुन्हा मेलेला मासा पानात गुंडाळून घेऊन आली. मी बघत होते. ठमाबाईने रागाने तोंड उघडलं, तेवढ्यात गादीवरून शेठनी मान वर केली. ती थांबली. दुपारची वेळ, ती दमलेली. काहीतरी बोलायचं म्हणून अर्धवट मस्करीत म्हणाली, "घरात काही भांडन-तंटा झाला होता काय वं?"

त्या बाईचा चेहरा एकदम उतरला. डोळ्यांत पाणी आलं. "तुमाले कसं समजलं?" ती म्हणाली. आणि सासूशी कसं वाजलं, नवरा कसा जेवला नाही, हे सगळं तिथेच ओट्यावर सांगून बसली. जाताना दोन मासे घेऊन गेली आणि ठमाबाईच्या पाया पडून गेली.

शेठ गादीवरून उठून आले. "हे बेस बोलली तू," ते म्हणाले. "अशीच बोलत जाय."

तिथून सुरू झालं ते. "हा मासा घर पाहून जगते," हे त्या दुकानाचं वाक्य झालं. ज्या घरात लक्ष्मी सुखाने नांदते तिथे हा टिकतो, जिथे काही उणं असतं तिथे नाही. कोणाच्या घरात काही उणं नसतं? मासा मेला की गिऱ्हाईक पूर्वी भांडत येई, आता खाली मान घालून येई आणि कोणाला कळायच्या आत दुसरा घेऊन जाई. विक्री अशी वाढली, की मुंबईहून माठांवर माठ येऊ लागले. भांडं बघायला मागणं हळूहळू बंद झालं. शेठ म्हणाले, कशाला त्रास देते गिऱ्हाइकाले. आणि ठमाबाईसारखं ते वाक्य दुसऱ्या कोणाला म्हणता येत नसे. आवाज थोडा खाली आणायची, पाण्याकडे बघायची आणि म्हणायची. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई. माझ्याही येई, आणि मला तर सगळं माहीत होतं.

पण प्रत्येक वेळी गिऱ्हाईक गेलं की ती मागच्या दारी जाऊन चूळ भरी. आधी मला वाटे, मिश्री धुते आहे. मग लक्षात आलं, की मिश्री लावलेली नसतानाही ती चूळ भरते. मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "तोंडाले कसातरी वास येते वं." आणि विषय बदलला.

त्या उन्हाळ्यात तेजी बसली. समुद्रापलीकडची लढाई थांबली, अशी खबर आली, आणि कापसाचा भाव असा कोसळला की पेठेत माणसं मोठ्याने बोलायची बंद झाली. बाळाशेठ गादीवर बसत, पण बघत कुठेच नसत. वैशाखाचं ऊन, विहिरींनी तळ गाठलेला, हौदातलं पाणी दुपारी हाताला चटका देई. मासे वर येऊन तोंड उघडत. ठमाबाई ओली पोती हौदावर पसरून दिवसभर त्यांच्यावर पाणी मारी.

"मरायच्या आधी सारे इकून टाक," शेठ म्हणाले. "पोत्यांनं किती दिवस जगवशीन?"

त्याच दिवसांत लग्न झालेली गिरजा आईकडे येऊन बाळंत झाली होती. अंगावरचं लेकरू घेऊन दुकानामागच्या खोलीत होती. शेठनी ठमाबाईला एवढंच विचारलं, की मासे संपले आणि दुकान मिटलं तर ती खोली काय कामाची? धमकी म्हणून नाही विचारलं. खरंच विचारलं. त्यामुळे ते जास्त लागलं.

अशात देवराव पाटील आले. बडनेऱ्याच्या वाटेवरच्या गावचे, तेजीत नाव झालेलं घर. मुलाचं लग्न ठरलेलं होतं ते भाव चढे असताना. आता भाव पडला, म्हणून तर लग्न आणखी थाटात करायचं होतं. गावाला दिसलं पाहिजे, की पाटलाच्या घरी काही कमी झालेलं नाही. सोबत पाटलीणबाई, रखमाबाई. मुलगी चांदूरची, कौतिका नाव, वयाने मोठी, लग्न होऊन लगेच नांदायला यायची. तिने उंबऱ्यावरचं माप ओलांडायचं त्याच्या बाजूलाच लाल मासे ठेवायचे, अशी रखमाबाईंची हौस.

त्यांनी माझ्याकडे मुंडावळ्या आणि तोरणं सांगितली आणि मग ओट्यावर चढल्या. मला सगळं ऐकू येत होतं.

"कशात ठेवसान?" पुष्कळ दिवसांनी ठमाबाईच्या तोंडून ते निघालं.

"आमचं मोठं तांब्याचं घंगाळ हाये," रखमाबाई कौतुकाने म्हणाल्या. "चिंचेनं घासलं का सोन्यावानी दिसते."

ठमाबाईने हात लुगड्याला पुसले. "पाटलीनबाई, मातीची नांद असन तं..."

"तांब्यासारखं पवित्र भांडं नाही," गादीवरून शेठ म्हणाले. "लग्नाच्या दारात मातीची नांद? ढोरं बांधाची हायेत काय?"

पाटील हसले. रखमाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या ठमाबाईकडे बघत होत्या. "तुमी सांगा बाई. तुमाले ठाऊक."

मी फुलं ओवायची थांबले. मागच्या खोलीतून गिरजाचं लेकरू रडल्याचा आवाज येत होता. ठमाबाई पाण्याकडे बघत उभी राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "घर चांगलं असलं म्हंजे जगतेच, बाई. हा मासा घर पाहून जगते."

आठ मासे गेले. हौदातले सगळ्यात देखणे आठ तिने स्वतः निवडून दिले. त्या दिवशी ती चूळ भरायला गेली नाही. हौदाच्या कडेला बसून राहिली.

वरात चांदूरहून आली त्या दिवशी मी फुलं घेऊन पाटलांच्या घरी होते. घंगाळ खरोखर सोन्यासारखं दिसत होतं. पोरांनी त्याभोवती गर्दी केलेली. नवरी माप ओलांडून आत गेली, बायकांनी गाणी म्हटली, मी माझी टोपली उचलून घरी आले.

पुढचं मला त्या गावच्या गुरवीणबाईने सांगितलं. सकाळी आठही मासे मेलेले होते. बायका घंगाळाभोवती जमल्या आणि कोणीतरी म्हणालं, की पाऊल कोणाचं पडलं हे बघा. नवरीचा बाप तिला पोचवायला आला होता. रखमाबाईंनी त्याला सांगितलं, की आधीच भाव पडला, आता दारातली लक्ष्मी मेली. तुमची पोरगी तुम्ही घेऊन जा. कौतिका आली त्याच गाडीने परत गेली.

मी हे ठमाबाईला सांगितलं तेव्हा ती पोतं पिळत होती. पिळतच राहिली.

"पांढऱ्या पायाची म्हनतात तिले?" तिने विचारलं.

"हो."

"कोनी म्हनलं, घर पाहून जगते म्हनून?" तिने विचारलं आणि माझ्याकडे बघितलं. मग तिने पोतं खाली टाकलं. "तुझा नवरा गाडी देईन काय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. शेठना न विचारता तिने हौदातले दोन मासे एका गाडग्यात घेतले होते. वाटभर गाडगं मांडीवर धरून ती ओल्या फडक्याने झाकत होती.

पाटलांच्या अंगणात मांडव अजून होता. ठमाबाई मांडवात उभी राहिली आणि म्हणाली, "मासे तांब्यानं मेले. पोरीचा काही दोष नाही."

पाटील बाहेर आले, रखमाबाई आल्या, शेजारपाजारचं माणूस जमलं. ठमाबाईने पुन्हा सांगितलं. चिंचेने घासलेलं तांबं कसं पाण्यात उतरतं, मासा कल्ल्याने ते पाणी कसं ओढतो, सगळं सांगितलं. खरं सांगत होती, पण सांगताना ती चाचरत होती. एरवी पेठ थांबवणारी बाई, पण त्या दिवशी तिच्या आवाजात बळ नव्हतं.

रखमाबाई म्हणाल्या, "तूच तं म्हनली होती, घर पाहून जगते म्हनून. कशी म्हनली होती! माह्या अंगावर काटा आला होता. आता तांबं म्हनते? कोनी पाठवलं तुले, चांदूरवाल्यांनं?"

लोकांत कुजबूज झाली. मी बघत होते, तिचं खोटं लोकांच्या मनात पक्कं बसलं होतं आणि खऱ्याला तिथे जागाच नव्हती.

ठमाबाई खाली बसली. "घंगाळ आना," ती म्हणाली. "आन् एक मातीची नांद. एकाच विहिरीचं पानी."

पाटलांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी गड्याला खूण केली. घंगाळ आलं, गोठ्यातली नांद धुऊन आली. तिने एक मासा इकडे सोडला, एक तिकडे. आणि मांडवाच्या खांबाला टेकून बसली. लोक गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. ती उठली नाही. कोणी भाकरी आणून ठेवली, तिने खाल्ली नाही.

दिवस मावळायच्या सुमाराला घंगाळातला मासा तिरका पोहू लागला. वर येई, तोंड उघडी, पुन्हा एका अंगावर कलंडे. रखमाबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ बघत होत्या, आणि एकदम म्हणाल्या, "काढ वं त्याले बाहेर! नांदीत टाक."

"नाही," ठमाबाई म्हणाली.

"मरून राहिला ना तो!"

"मरू द्या. अर्ध्यात काढला तं उद्या तुमी म्हनसान, का जगला असता." तिचे डोळे माशावरून हलले नाहीत. मी शेजारी होते म्हणून मला दिसलं, घंगाळाच्या काठावर तिची बोटं पांढरी पडली होती.

सकाळी उठून बघितलं तर घंगाळातला मासा तरंगत होता आणि नांदीतला तळाशी फिरत होता. रखमाबाईंनी दोन्ही भांड्यांवर वाकून बघितलं. मग त्या सरळ झाल्या. राग गेला होता, पण जे आलं होतं ते रागाहून कठीण होतं.

"त्या दिवशी काहून नाही बोलली?"

"बोलली असती तं तुमी मासे घेतले नसते."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने खोलीचं सांगितलं नाही. गिरजाचं, लेकराचं, शेठचं, काही सांगितलं नाही. मी सांगणार होते, पण तिने माझ्या हातावर हात ठेवला. पाटील गोठ्याकडे वळले आणि चांदूरला जायला गाडी जुंपायला सांगितली. नांदीतला मासा ठमाबाईने तिथेच ठेवला.

कौतिका परत आली, नांदली. पण गुरवीणबाई येता जाता सांगे ते मी ऐकत होते. त्या घरात पुन्हा लग्न निघालं, दुसऱ्या मुलाचं, तेव्हा नवी नवरी उंबऱ्यात यायच्या वेळी थोरल्या सुनेला मागच्या घरात काहीतरी आणायला धाडलं. कोणी तोंडाने बोललं नाही. रखमाबाईही नाहीत. एकदा अकोल्याला जाणं झालं तेव्हा मी हे ठमाबाईला सांगितलं आणि नंतर वाटलं, सांगायला नको होतं. ती म्हणाली, "एक मासा मारून किती धुऊन निघते वं?"

दुकान तिने त्याच आठवड्यात सोडलं होतं. शेठ तिला थांब म्हणाले, खरंच म्हणाले. ती म्हणाली, "शेठजी, माह्या तोंडाचा आता मलेच भरोसा नाही." गिरजाला आणि लेकराला घेऊन पाऊस पडायच्या आत ती अकोल्याला गेली. दुकान दिवाळीपर्यंतही टिकलं नाही.

पुढे अमरावतीच्या बाजूलाही आगगाडी आली. माझी फुलांची टोपली आता माझी सून सांभाळू लागली होती. एक दिवस एक बाई आली, कडेवर मुलगी, डोक्यावर नीट पदर. म्हणाली, "मी कौतिका. पाटलाची." मी उठून उभी राहिले. ती कधी माझ्याशी बोलली नव्हती. "ते भोईनबाई, माह्यासाठी आल्या होत्या ना घरी, त्या कुठी राहतात? मले एकदा भेटाचं हाये."

मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, भेटल्यावर सांगीन. अकोल्याला तिच्या नणंदेचं घर होतं, तिकडे ती जाणारच होती. मी सोबत गेले. गाडीत ती बाहेर बघत राहिली आणि मी मनात ठमाबाईला आधी काय सांगावं, ते जुळवत राहिले. काही जुळलं नाही.

जुन्या शहरात मोर्णेच्या काठी मासळीबाजार भरतो, तिथे ठमाबाई बसलेली होती. पुढ्यात मरळ मासे, बाजूला कोयता. केस पिकले होते. मला बघून ती मोठ्याने हसली, तीच जुनी हाक, "माय वं, माळीन!" आणि मग मागे उभी असलेली कोण, ते मी सांगितलं.

ती उठायला गेली आणि तिला उठता येईना. गुडघ्यावर हात ठेवून तशीच अर्धवट राहिली. शिव्या ऐकायच्या आहेत, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ऐकून घ्यायच्या आहेत, असंही दिसत होतं.

कौतिका मुलीला घेऊन तिच्यासमोर खाली बसली. मग म्हणाली, "कशे होते वं मावशी ते मासे?"

ठमाबाईला समजलं नाही. "कोन्ते?"

"माह्या लग्नातले. मी पाह्यलेच नाहीत. पदर इथवर होता, मान खाली होती. सकाळी पाहीन म्हनलं. सकाळी उठली तं ते उकिरड्यावर फेकून दिले होते. जल्मभर त्याहीचं नाव माह्यावर हाये, आन् मले ठाऊक नाही का दिसत कशे होते."

बाजारात आवाज चालूच होते. कोणीतरी ठमाबाईला मरळीचा भाव विचारला, तिने ऐकलं नाही.

"लाल होते," ती म्हणाली.

"नुसते लाल?"

ठमाबाईने ओले हात लुगड्याला पुसले, नीट, दोन्ही बाजूंनी. मग हळूहळू सांगू लागली. सगळे सारखे लाल नव्हते. एक केशरी होता, त्याच्या पोटाखाली दुधासारखा पट्टा होता. दोघांच्या शेपट्या लुगड्याच्या पदरासारख्या लांब होत्या, वळताना मागे राहत आणि मग येत. एक एका डोळ्याने आंधळा होता, तो दुसऱ्याच्या अंगाला लागूनच पोहे. गावातल्या कोणाचं नाव त्या आठांतल्या एकालाही ठेवलं नव्हतं. हे ती आवाज खाली आणून सांगत नव्हती. साधं सांगत होती, मधे अडत होती, आठवून पुन्हा सांगत होती.

कौतिकाची मुलगी मरळीच्या टोपल्यात बोट घालत होती. कौतिका हनुवटी हातावर ठेवून ऐकत होती.

माझ्या गाडीची वेळ झाली. मी निघते म्हटलं, दोघींनीही मान हलवली, बघितलं नाही. चढावर जाऊन मी एकदा मागे वळून पाहिलं. ठमाबाईने उजवा हात पाण्यात धरावा तसा हवेत आडवा धरला होता आणि मनगट वळवून, मासा हौदाच्या कोपऱ्यावर कसा फिरतो ते ती कौतिकाच्या पोरीला दाखवत होती.